दांडीवरचा हात

शनिवारी दुपारी उमाशंकर मुरुमहून उमरग्याला आला तेव्हा त्याच्या खांद्याला गिटार होती आणि उजव्या मनगटावर नागम्मा मामीनं आंबेहळद लावून बांधलेलं फडकं होतं. बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, "पडलाव काय?" त्यानं नुसती मान हलवली. पडलो म्हणणं सोपं होतं. खरं सांगायला बसलं असतं तर रस्ता पुरला नसता.

बसस्टँडच्या मागं राजपालचं दुकान आहे. पुढं मोबाइलची कव्हरं लटकलेली, मागच्या अंगाला वाद्यांची दुरुस्ती. राजपाल आपल्या वडिलांच्या, श्रीपतीबाबांच्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. उमाशंकर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. एकाचा हंगाम जयंतीचा, दुसऱ्याचा लग्नसराईचा. दोन्ही हंगाम संपून श्रावण लागला की दोघांच्याही डोळ्यांखाली सारखीच काळी वर्तुळं असतात.

"आलास का गवई? बस," राजपाल म्हणाला. "चेहरा असा का? बायकोनं सोडलं का ऑर्केस्ट्रानं?"

"दोघंबी सोडत न्हायत, हेच तर दुखणं हाय," असं म्हणत उमाशंकरनं गिटार काउंटरवर आडवी ठेवली. "ब्रिज गेला. सोमवारच्या आत काहीतरी कर."

गिटारच्या पोटावर ज्या लोखंडी पाटावर तारा टेकतात, तो ब्रिज. राजपालनं चष्मा चढवला, तारा सैल केल्या आणि पाट उचलून उजेडात धरला. खोक्यातून आणखी दोन ब्रिज काढून त्यानं शेजारी मांडले.

"हे बघ. हा फिक्स. स्क्रूनं छातीला आवळला की हलायचं नाव न्हाय. एक तार तुटली तर तुटली, बाकीच्या जागेवर. हा जुन्या चालीचा, दांडीवाला. मागं स्प्रिंगा. दांडी दाबली की सूर जरा खाली, सोडली की परत. डोलतो, पण घर सोडत न्हाय. आणि हा तुझा, फ्लोटिंग. दोन खिळ्यांवर तरंगतो. पुढून तारा ओढत्यात, मागून स्प्रिंगा ओढत्यात, मधी हा बापडा. दांडीनं सूर वरबी नेता येतो, खालीबी. ऐट लई. पण एका तारेनं हात सोडला की सगळं खानदान बेसूर."

"मागच्या सोमवारी कीर्तनात तेच झालं. भर अभंगात पहिली तार तुटली, बाकीच्या सगळ्या चढल्या. मामा तसेच तोंड उघडून उभे."

"मग?"

"मग काय. बलभीमनं मृदंग वाजवून नेलं पुढं. मी तार बांधत बसलो."

राजपालनं ब्रिजची कड अंगठ्यानं चाचपली. खिळ्यांवर टेकणारी ती धार बोथट झाली होती. त्यानं पुन्हा चाचपली आणि चष्म्यावरून उमाशंकरकडं पाहिलं.

"गड्या, लोकं दांडी वर-खाली हलवत्यात. तुझी धार एकाच अंगानं खाल्लीय. तू नुसती खालीच दाबत बसतोस व्हय? आणि किती वेळ? हे काय एका गाण्याचं काम न्हाय."

उमाशंकरनं फडकं बांधलेलं मनगट मांडीखाली घेतलं.

महांतप्पा म्हणजे त्याचे सख्खे मामा. मुरुम आणि आसपासच्या गावांत शिवकीर्तन म्हटलं की महांतप्पाच. त्यांचे जुने पेटीवाले मुलाकडं पुण्याला गेले, तेव्हा मामांनी भाच्याला बोलावून घेतलं. देवळात गिटार बघून चार म्हाताऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. मामा म्हणाले, "तार हाय न्हवं? तार ही वीणेचीच जात. गुमान ऐका." उमाशंकर मोकळ्या तारा षड्ज-पंचमात लावायचा आणि तंबोऱ्यासारखा छेडत राहायचा. त्या झंकारात मामांचा आवाज असा उभा राहायचा की सभामंडपातली कबुतरंही जागची हलत नसत. आवाजाची पट्टी एकच, पेटीची काळी एक. उभा जन्म त्यांनी काळी एक सोडली नव्हती. दुसरे कीर्तनकार वयाबरोबर खाली उतरले की मामा मिशीत हसायचे.

पण त्याच मामांनी एकदा एका गावी एका म्हाताऱ्या कीर्तनकाराची फजिती पाहिली होती. आवाज घसरत होता, त्यांना कळत नव्हतं आणि मागं बसलेले टाळकरीच एकमेकांना कोपरानं ढोसत होते. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मामांनी उमाशंकरचा हात धरला.

"उमा, ज्या दिवशी माझा सूर सुटंल त्या दिवशी तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं. त्या दिवशी मी टाळ खाली ठेवीन. पण लोकांच्या हसण्यातनं मला ते कळता कामा नये. बघ, शब्द दे."

उमाशंकरनं शब्द दिला. तो दिवस आला तो गाजावाजा न करता. एका अभंगाच्या तिसऱ्या चरणात मामांचा आवाज केसभर खाली आला. गिटारच्या दोन पडद्यांच्या मधली ती जागा. बोटानं दाबून ती गाठता येत नाही, दांडीनं येते. उमाशंकरच्या करंगळीशेजारच्या बोटानं दांडी आपोआप दाबली गेली आणि सगळ्या तारा मामांबरोबर खाली उतरल्या. बलभीम मृदंगवाल्यानं एकदा वळून पाहिलं, मग शाईवरची, सुरातल्या बाजूची थाप आवरून तो डाव्या बाजूवर रेलला. टाळकरी गिटारचा सूर धरून गातात, तेही उतरले. सगळं देऊळच खाली उतरलं म्हटल्यावर उतरलेल्याला कसं कळणार? निरूपण सुरू झालं की उमाशंकर दांडी हळूच सोडायचा आणि पुढचा अभंग पुन्हा काळी एकवर उभा राहायचा.

पुढच्या वेळी सांगू, असं त्यानं ठरवलं. पुढच्या वेळी मामांचा आवाज आणखी जरा उतरला, दांडी आणखी जरा दाबली. मग पुढची वेळ, मग त्याच्या पुढची. आता कीर्तनाचा निम्मा वेळ त्याचं मनगट त्या दांडीवर लोंबकळत असायचं. मामी हळद लावायची आणि काही विचारायची नाही. लग्नात नाचणाऱ्यांसाठी वाजवून तो एवढा थकत नसे.

हे सगळं त्यानं राजपालला सांगितलं नाही. राजपालला एवढंच म्हणाला, "मामांचा आवाज जरा उतरलाय."

"मग पट्टी उतरवायची. आमच्या बाबानं कधीच उतरवली. मी म्हणलं, बाबा, लोक काय म्हणतील? तर म्हणले, आवाज माझा हाय, सातबारा न्हाय, एकदा लिहिला की लिहिला."

उमाशंकर हसला. हसताना त्याला जाणवलं की पुष्कळ दिवसांत हसलो नव्हतो.

"मला फिक्स बसवून दे," तो म्हणाला.

"तुझ्या गिटारीच्या पोटात हे एवढं भगदाड पाडलंय. त्यावर फिक्स बसवायचा तर लाकूड भरावं लागंल, सुतार लागंल. सोमवार निघून जाईल. त्यापेक्षा पाचरा मारू." राजपालनं गिटार पालथी घातली आणि मागचं झाकण उघडलं. आत स्प्रिंगा ताणलेल्या, त्यांच्या टोकाला ब्रिजचा लोखंडी ठोकळा लटकलेला. "ठोकळ्याच्या ह्या बाजूला, मानेकडं, एक पाचर मारली की ब्रिज वर जायचा बंद. तार तुटली तरी बाकीच्या चढणार न्हायत. धार झिजली असली तरी बिघडत न्हाय, दांडी सोडली की ठोकळा पाचरीला येऊन टेकणार, सूर जागेवर. ह्या दुसऱ्या बाजूला, बुडाकडं, मारली की खाली जायचाबी बंद. माझं ऐकशील तर मानेकडची एकच मार. खाली जायची वाट मोकळी ठेव."

उमाशंकरनं त्या पोकळीत पाहिलं. खाली जायची वाट मोकळी राहिली तर आपला हात जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वाट बंद झाली तर तारा जागच्या हलणार नाहीत आणि मामांना आपोआप कळेल. कुणी काही सांगायला नको. शब्द तोंडातून काढायला नको.

"दोन्हीकडून मार."

"दांडी मेली म्हणून समज मग."

"मरू दे. मनगट दुखतंय."

राजपालनं सागवानाचे दोन तुकडे घासून बेताचे केले आणि ठोकून बसवले. दांडी काढून त्यानं उमाशंकरच्या वरच्या खिशात खोचली. "असू दे. हत्यार हाय."

सोमवारी चार वाजता वेशीजवळच्या महादेवाच्या देवळात माणसं जमली. बाया डावीकडं, पुरुष उजवीकडं. मामा कपाळभर विभूती लावून आले, वाकून सगळ्यांना 'शरणार्थ' म्हणत नमस्कार केला. पहिला अभंग नीट गेला. निरूपण तर असं रंगलं की उमाशंकर आपण कशासाठी बसलोय तेही विसरला. मामा एका बैलाची गोष्ट सांगत होते. धनी गाडीत झोपला तरी बैल बरोबर घरी आणतो. पण बैल म्हातारा झाला, दिसेनासं झालं, तरी वाट सोडेना. "का सोडेना?" मामांनी विचारलं. "अरं बाबांनो, त्याच्या जोडीला दुसरा बैल होता न्हवं. त्याचा खांदा लागत होता." सिद्धम्मा म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. मामांनी हात वर केला आणि अभंग उचलला.

दुसऱ्या चरणात आवाज निसटला. उमाशंकरचं बोट सवयीनं पुढं गेलं, तिथं दांडी नव्हती. तारा सरळ बोलत राहिल्या, काळी एक. मामांचा आवाज त्यांच्या खाली लोंबत राहिला. दोघांच्या मध्ये ते घासल्यासारखं कंपन उठलं, दात आंबावेत तसं. बलभीमनं मान वळवली. मामांनी डोळे मिटून आवाज वर रेटला, तो फाटला. परत रेटला, परत फाटला. टाळकऱ्यांना कुणाबरोबर जावं कळेना. खांबाला टेकून बसलेलं कुणीतरी खाकरल्यासारखं हसलं.

फार मोठं हसणं नव्हतं. तेवढं पुरलं.

मामा थांबले. गिटारकडं एकदा पाहिलं, मग उमाशंकरकडं. मग त्यांनी घसा दुखत असल्याचं सांगून आरती घ्यायला लावली.

माणसं पांगल्यावर मामा देवळाच्या ओट्यावर बसले. मामीनं थर्मासमधला चहा ओतला. तो त्यांच्या हातात तसाच राहिला.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"लई दिवस झाले."

"मग आजच कसं कळलं मला?"

उमाशंकरनं दांडी, स्प्रिंगा, पाचर असं अडखळत सांगितलं.  सांगून झाल्यावर मामा म्हणाले, "म्हंजे आजवर तुझा हात होता."

"व्हय."

"आणि आज काढून घेतलास. लोकांदेखत." त्यांनी चहा खाली ठेवला. "तुझ्या तोंडानं सांग म्हणलं होतं मी. तू लाकडाच्या तुकड्याकडून कळवलंस."

मामी म्हणाली, "अहो, त्याचं मनगट तरी बघा की."

"बघितलंय. रोज बघतो. वाटायचं, लग्नात वाजवून सुजतंय." ते उठले. त्यांनी टाळ पिशवीत घातले आणि पिशवी बलभीमच्या हातात दिली. "तुझ्याकडं ठेव. पुढच्या सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

त्या आठवड्यात मामा घराबाहेर पडले नाहीत. कुणी विचारलं तर मामी घशाचं कारण सांगायची. उमाशंकर ऑर्केस्ट्राच्या तालमीलाही गेला नाही. मनगटाची सूज उतरली. दुखणं गेलं तसं त्याला आणखीच रितं वाटू लागलं. दोन-तीनदा तो मामांच्या दारापर्यंत गेला आणि वळला. काय सांगायचं? जे सांगायचं होतं ते तर तारांनी सांगून टाकलं होतं.

सोमवारी सकाळी तो गिटार घेऊन गेला. मामा पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यानं जमिनीवर बसून गिटार मांडीवर घेतली आणि पालथी केली.

"मामा, जरा बघता का?"

"काय बघायचं राहिलंय?"

"बघा तर."

मामा उठून बसले. उमाशंकरनं पेचकसानं झाकण काढलं. स्प्रिंगा दाखवल्या, ठोकळा दाखवला, दोन्ही पाचरा दाखवल्या.  स्वयंपाकघरात मामीची भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"मामा, तुमचा सूर सुटलाय," तो म्हणाला. "काळी एक आता तुमच्याच्यानं होत न्हाय. पहिला अभंग होतो, पुढं होत न्हाय. हे म्या तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तुम्ही टाळ ठेवला असता. तो मला ठेवू द्यायचा नव्हता. मला ऐकायचं होतं. एवढंच."

 मामांनी हात पुढं करून एक स्प्रिंग बोटानं छेडली. ती बारीक आवाजात गुणगुणली.

"ह्याच्यावर लटकलेलं असतंय व्हय सगळं?"

"व्हय."

"आणि ह्या पाचरा काढल्या तर?"

"मानेकडची ठेवायची. वर जायची गरज न्हाय. बुडाकडची काढली तर खाली जाता येतं, आणि हात सोडला की सूर आपल्या जागी परत येतो. ठेवायची का काढायची ते तुम्ही सांगा. दोन्ही ठेवल्या तर गिटार खरं बोलंल. तिच्याशी तुमचं जुळंल न जुळंल. आज गायचंच न्हाय म्हणत असाल तर म्या तसाच परत जातो."

दारातून मामी म्हणाली, "बलभीम टाळ घेऊन येऊन गेला सकाळी. मी ठेवून घेतले."

"तुला कुणी सांगितलं होतं ठेवायला?"

"मला कोण सांगणार? मला बी ऐकायचं असतंय."

मामा बराच वेळ त्या पोकळीत बघत राहिले, विहिरीत बघावं तसे. मग म्हणाले, "बुडाकडची काढ. आणि ती दांडी कुठाय?"

उमाशंकरनं पेचकसानं बुडाकडचा तुकडा उचकटला, मग वरच्या खिशातली दांडी काढून दिली. मामांनी ती उलटसुलट पाहिली. "एवढीशीच?" असं म्हणून ती स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. "आज पांढरी एक लाव. काळी एक महादेवाला वाहिली म्हण."

पांढरी एक म्हणजे काळी एकच्या खालची, लागूनची पट्टी. चार वाजता तारा तिथं लावल्या तेव्हा जुन्या माणसांनी लगेच कान टवकारले. बलभीमनं मृदंगाचा सूर आधीच उतरवून ठेवला होता. पहिला अभंग सुखाचा झाला. निरूपणात मामांनी बैलाची गोष्ट पुढं नेली नाही, दुसरंच काही सांगितलं. पण ते लवकर दमत होते हे दिसत होतं. मधेमधे ते टाळकऱ्यांना ध्रुवपद म्हणायला लावून नुसते उभे राहायचे.

शेवटच्या अभंगात सूर पुन्हा सुटला. थोडासाच. उमाशंकरचं बोट रिकाम्या जागी जाऊन परतलं. मामांनी ते पाहिलं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. देवळात इतकं शांत झालं की बाहेर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं तेही ऐकू आलं.

"माय-बापहो," मामा म्हणाले, "गेल्या सोमवारी कुणीतरी हसलं. त्याचं काही चुकलं न्हाय. माझा आवाज आता खाली येतोय. आजवर माझा भाचा गुपचूप माझ्यासंगं खाली येत होता, मला कळू न देता. बेजार झालं पोर." त्यांनी खिशातून दांडी काढली, चार पावलं चालत गेले आणि ती उमाशंकरच्या हातात दिली. "लाव. आता चोरी न्हाय. मी खाली येईन तेव्हा सगळेच या. जमलं तर परत वर जाऊ. न्हायतर जिथं असू तिथं त्याचं नाव घेऊ."

सिद्धम्मा म्हातारी बायांच्या रांगेतून म्हणाली, "या की अप्पा, आमचे गुडघे तर कधीचेच खाली आलेत." बाया हसल्या. मामाही हसले.

उमाशंकरनं दांडी भोकात फिरवून बसवली. हळद पुसट झालेल्या मनगटात जुनी कळ उठली. त्यानं ती उठू दिली.

बलभीमनं मृदंगाच्या डाव्या बाजूवरची ओली कणीक अंगठ्यानं सारखी केली आणि हळूच विचारलं, "किती खाली जायचं?"

"मला काय विचारतोस," उमाशंकर म्हणाला. "त्यांच्याकडं बघ."